पश्चिमेचं प्रस्थान

"मग निघाला कवा तुमी?" बुवांनी विचारलं.

"परवा," नाना म्हणाले. "बुधवारी सकाळी, सूर्योदयानंतर दोन घटकांनी."

बुवांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. नाना मठाच्या ओट्यावर मांडी घालून बसले होते. खांद्यावर धुतलेलं उपरणं, कपाळाला ताजं गंध. वहाणा पायरीखाली जोडीने काढून ठेवलेल्या. घरून दूधपोहे खाऊन आले होते.

"आन् पोचला कुटवर?"

नानांनी मठाच्या कोनाड्याकडे पाहिलं.

ही हकिगत मला नानांनीच सांगितली, त्यांच्या म्हातारपणी. स्वतःला कुठे झाकलं नाही, की कुठे रंगवलं नाही. म्हणून मीही तशीच सांगतो.

उमरावगीर बुवांचा मठ हिरडेवाडीच्या पश्चिमेला, घाटाच्या अगदी तोंडाशी. मठ म्हणजे एक शिवलिंग, एक ओटा आणि पावसाळ्यात गळणारी एक खोली. बुवा गोसावी. चाळीस वर्षांच्या जटा, एक गुडघा कायमचा दुखरा, बोलणं मोजकं.

नाना हिरडेवाडीचे जोशी. आजूबाजूच्या चाळीस गावांत त्यांच्या पंचांगाशिवाय कोणाच्या लग्नघरी जात्याला सुपारी बांधणं होत नसे. असा माणूस एका गोसाव्याला गुरू मानतो आणि रोज त्याला पोथी वाचून दाखवतो, याचं गावाला कौतुक होतं. नानांना ते गावापेक्षाही जास्त होतं.

त्या काळी आमच्याकडे प्रस्थान ठेवायची रीत होती. प्रवासाला चांगला मुहूर्त एका दिवशी आणि माणसाला सवड दुसऱ्या दिवशी, असं झालं की एक गाठोडं बांधायचं. त्यात धोतर, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड. ब्राह्मण असला तर जानवं. मुहूर्त साधून ते गाठोडं जायच्या दिशेला, गावाबाहेर कुठेतरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला असं धरायचं. मग पाच दिवसांच्या आत माणसाने मागून यायचं, गाठोडं उचलायचं आणि पुढे चालू लागायचं.

नानांचं गाठोडं बुधवारपासून मठाच्या कोनाड्यात होतं. आज शुक्रवार.

"शास्त्राप्रमाणे मी निघालेलाच आहे," नाना म्हणाले. "काल द्वादशी होती, प्रवासाला वर्ज्य. आज पश्चिमेला दिशाशूळ, त्या दिशेला निघायचं नाही. उद्या चतुर्दशी, रिक्ता तिथी, तीही वर्ज्य. परवा पुन्हा पश्चिमेला दिशाशूळ. सोमवारी सकाळी मात्र उत्तम आहे. पाच दिवसांत बसतं."

"समदं बसतंय," बुवा म्हणाले.

नानांना वाटलं, बुवांना पटलं.

"दादास्नी ठावं हाय का, तुमी निघालाय म्हनून?"

...

दादा म्हणजे नानांचे थोरले भाऊ. घाटाखाली तळकोंड नावाचं लहानसं गाव आहे, तिथल्या देवळात ते पुजारी होते. हिरडेवाडीपासून एका दिवसाची वाट. बारा वर्षांत नाना ती वाट एकदाही उतरले नव्हते, आणि दादा ती एकदाही चढले नव्हते.

मंगळवारी संध्याकाळी गेनू कासार बांगड्यांची पेटी घेऊन घाट चढून आला आणि त्याने सांगावा दिला. दादांनी अंथरूण धरलंय. डोळे तर दोन वर्षांपूर्वीच गेले होते, आता अन्नही जात नाही. दादा म्हणाले, नानाला सांग, एकदा येऊन जा. बोलायचं आहे.

सांगावा ऐकून नाना आत गेले आणि पंचांग उघडून बसले.

"बुधवारी मुहूर्त चांगला व्हता," बुवा म्हणाले. "गाठोड्याला चालला. मग तुमाला का न्हाई चालला?"

नानांनी सांगितलं की बुधवारी इनामदारांच्या घरी वास्तुशांत होती, शब्द दिलेला होता. बुवांनी विचारलं, तुमचा चुलत पुतण्या ती करू शकला नसता का. करू शकला असता, असं नाना म्हणाले. मग बराच वेळ ते उपरण्याचा काठ बोटाला गुंडाळत बसले.

"पाय निघेना, बुवा," ते शेवटी म्हणाले.

बुवांनी मान हलवली. हे त्यांना कळण्यासारखं होतं.

"बरं. मग आज निघा. अजून ऊन चढलं न्हाई. रातच्याला पोचाल."

"आज शुक्रवार आहे."

"व्हय."

"शुक्रवारी पश्चिमेला जात नाहीत."

"जोशी म्हनून तुमी जाऊ नगा. ज्येला भाऊ हाक मारतोय, तो जाऊ द्या."

नाना उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी बुवांना ऐकवलं की शास्त्र सोयीप्रमाणे वाकवता येत नाही. आणि ज्याच्या शब्दावर चाळीस गावं लग्नं लावतात, त्याने स्वतःसाठी वेगळा नियम करायचा नसतो. बरंच बोलले. बुवा ऐकत राहिले. त्यांनी गुडघ्याला तेल लावायला घेतलं होतं, ते चालू ठेवलं.

बोलणं संपलं. मठाबाहेर साळुंक्या भांडत होत्या.

नाना पुन्हा खाली बसले, आणि बारा वर्षांत कोणापाशी काढली नव्हती ती गोष्ट त्यांनी काढली.

त्यांच्या आईच्या पोटात कळा येत होत्या. दोन दिवस झाले, वैद्याच्या औषधाने उतार पडेना. घाटाखालच्या बंदरगावात एक डॉक्टर होता. दादांनी डोली आणली, चार भोई ठरवले, आईच्या अंगावर शाल घातली. नाना पंचांग घेऊन दारात उभे राहिले. शुक्रवार होता. पश्चिमेला जायचं होतं. नाना म्हणाले, उद्या उजाडताच काढू, एका रात्रीने काय होतंय. दादा पुष्कळ बोलले. पण आईच म्हणाली, नाना सांगतोय तर उद्या जाऊ. धाकट्यावर तिचा विश्वास होता.

शनिवारी उजाडायच्या आत ती गेली. डोली अंगणात तशीच होती.

चौदाव्या दिवशी दादा बायको-मुलीला घेऊन घर सोडून गेले. जाताना नानांशी एक शब्दही बोलले नाहीत. शिवी दिली असती तरी चाललं असतं, असं नाना मला म्हणाले.

"आता तुम्हीच सांगा, बुवा," नाना म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आज मी शुक्रवारचा घाट उतरलो आणि नीट पोचलो, तर त्याचा अर्थ काय होतो? त्या शुक्रवारीही उतरता आलं असतं, असाच ना?"

बुवांनी तेलाची वाटी खाली ठेवली.

"मग आईला मी मारलं, असं होतं."

...

...

मी नानांच्या जागी असतो तर काय केलं असतं, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. मला वाटतं, मीही सोमवारचीच वाट पाहिली असती. माणूस आपल्या चुकीला असा काही टेकू देऊन ठेवतो की पुढे तो टेकू काढायचीच भीती वाटते. नानांचा मला राग येतो, पण तो फार वेळ टिकत नाही.

बुवा उठले. गुडघा धरून हळूहळू कोनाड्यापाशी गेले. गाठोडं काढलं, काठीला अडकवलं, काठी खांद्यावर घेतली.

"हे काय करताय?" नानांनी विचारलं.

"हे निघालंय न्हवं बुधवारपासनं? दोन दिस झाले, कोनाड्यात बसलंय बिचारं."

"बुवा, ते मी उचलायचं असतं. तुम्ही नेलंत तर प्रस्थान मोडतं."

"मोडत न्हाई. हे चाललंच हाय पश्चिमेला."

"तुम्हाला घाट झेपणार नाही."

"उतरायचा तर हाय," बुवा म्हणाले. "शिवाला पानी घालत जावा."

आणि ते पायऱ्या उतरून चालू लागले.

नाना त्यांच्यामागे गेले. मठाच्या मागे जिथून उतार सुरू होतो, तिथे एक पांढरा दगड रोवलेला आहे. गावाची शीव तिथे संपते. नाना त्या दगडापर्यंत गेले, आणि त्याच्या पलीकडे दोन पावलं टाकली. पायात वहाणा नव्हत्या, त्या पायरीशीच राहिल्या होत्या. खाली वळणावर बुवांच्या जटा आणि काठीला लटकलेलं गाठोडं दिसत होतं. नाना मला म्हणाले, तेव्हा हाक मारली असती तर बुवा थांबले असते.

ते दोन पावलं मागे आले आणि शिवेच्या आत उभे राहिले. बुवा दिसेनासे झाल्यावर मठात जाऊन त्यांनी शिवाला पाणी घातलं.

शनिवार गेला. रविवार गेला. रविवारी सकाळी पूजा करताना हातातून तांब्या सटकला, एवढंच. नानांनी त्याचाही काही अर्थ लावला असता, पण त्यांनी मुद्दामच लावला नाही.

सोमवारी उजाडताना, अगदी ठरल्या वेळी, नाना निघाले. उजवं पाऊल आधी टाकलं. शीव ओलांडली आणि त्यांना एकदम हलकं वाटू लागलं. हवा चांगली होती. करवंदीच्या जाळ्यांमधून वाट खाली जात होती आणि पाय आपोआप पडत होते. एवढं सोपं होतं तर बारा वर्षं आपण काय करत होतो, असं त्यांच्या मनात आलं.

दादाला भेटल्यावर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, ते नाना वाटेत जुळवत होते. शिवेपाशी ते वाक्य असं होतं, "दादा, शास्त्राप्रमाणे माझं काही चुकलं नव्हतं, पण तुझ्या मनाला लागलं असेल तर मी चुकलो." चार वळणं उतरल्यावर त्यातलं शास्त्र गळालं. आणखी थोडं खाली, आंब्यांच्या राईत, "तुझ्या मनाला लागलं असेल तर" हेही त्यांनी काढून टाकलं. घाटाच्या मध्यावर पाण्याचा झरा आहे, तिथे येईपर्यंत एवढंच उरलं होतं: दादा, मी चुकलो.

तेवढंच वाक्य ते मोठ्याने म्हणून पाहत होते. आसपास कोणी नव्हतं. म्हणताना रडू आलं आणि बरंही वाटलं, असं त्यांनी मला सांगितलं.

झऱ्यापाशी दगडावर एक म्हातारा बसला होता. डोकं तुळतुळीत, दाढीमिशी काढलेली, पाय पाण्यात सोडलेले. नाना त्याच्या अंगावरून पुढे जाणार होते.

"शास्त्री," तो म्हातारा म्हणाला.

नाना थांबले. काठी ओळखीची होती. तिच्या टोकाला गाठोडं नव्हतं.

जटा गेल्यावर बुवांचं डोकं अगदी लहान दिसत होतं. कपाळाच्या वर कातडी पांढरीफटक होती, चाळीस वर्षांत तिला ऊन लागलं नव्हतं. त्या डोक्याकडे पाहूनच नानांना सगळं कळलं. असं मुंडण कोण करतं आणि कधी करतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

आणि तरी त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं.

"बुवा, संन्याशाने अग्नी द्यायचा नसतो."

बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. बुवा रागावले नाहीत.

"ठावं हाय," ते म्हणाले.

...

नाना पाण्याच्या काठी खालीच बसले. बुवांनी मग जे झालं ते सांगितलं. त्यांचा आवाज बसला होता, मधून मधून थांबत होते.

शनिवारी दुपारी ते तळकोंडला पोचले. दारात वहिनी होत्या. बुवांनी त्यांना गाठोडं दाखवलं आणि कुठून आलो ते सांगितलं. आतून दादांनी विचारलं, कोण आलंय. वहिनी काही बोलायच्या आत बुवा आत गेले आणि त्यांनी गाठोडं अंथरुणावर, दादांच्या हातापाशी ठेवलं.

दादांनी ते चाचपून सोडलं. तांदूळ सांडले. धोतरावरून हात फिरवला. मग त्यांच्या हाताला जानवं लागलं. जोशांच्या घरात जानव्याची ब्रह्मगाठ वेगळ्या पद्धतीने मारत, एक वेढा जास्त देऊन. वडिलांनी दोघा भावांना ती एकाच दिवशी शिकवली होती. दादांनी गाठ बोटांत धरली आणि पुन्हा पुन्हा चाचपली.

"ही आपल्या घरची गाठ," ते म्हणाले. "नाना आला."

त्यांनी हात पुढे केला. तिथे बुवांचा हात होता. दादांनी तो धरला.

"तुम्ही सांगितलं नाही?" नानांनी विचारलं. इतका वेळ ते पाण्याकडे पाहत होते, आता त्यांनी मान वर केली. "मी नाही, दुसरा कोणी आहे, हे दादाला सांगितलं नाही?"

"त्वांड उघडलं व्हतं मी," बुवा म्हणाले. "वयनींनी मागनं पदर तोंडाला लावला आन् मान हलवली. न्हाई म्हनल्या."

दादा म्हणाले, नाना, तुझे हात असे खरखरीत कधी झाले? बुवा गप्प राहिले. दादांना त्यात नवल वाटलं नाही. नाना मुळातच त्यांच्यासमोर कधी फार बोलत नसत. मग दादा बोलत राहिले, थांबून थांबून, दिवस मावळेपर्यंत. लहानपणचं बोलले, वडिलांचं बोलले. मध्ये वहिनींनी पाणी पाजलं. बारा वर्षांनी ते असे बोलताहेत, असं वहिनी नंतर म्हणाल्या. हात त्यांनी सोडला नाही. शेवटी म्हणाले, मला मुलगा नाही, अग्नी तू दे. बुवांनी तो हात दाबला. दादांनी ते हो म्हणून घेतलं.

रविवारी सूर्य उगवताना ते गेले. गाठोड्यातलं धोतर नवं होतं, तेच नेसवलं. तळकोंडला जोशांचं दुसरं घर नव्हतं, भाऊबंद कोणी नव्हते. हात दाबून दिलेला शब्द होता. बुवांनी झाडाखाली बसून जटा उतरवून घेतल्या.

"आता फुडचं तुमी करा," बुवा म्हणाले. "अस्थी गोळा करायच्या हायेत. दहा दिसांचं हाय. लेक लांब सासरी, वयनी एकल्या हायेत. म्हनून मी लगोलग चढलो."

नानांनी मान हलवली. पण ते उठले नाहीत.

झरा वाहत होता. वरून एक गुराखी गुरं घेऊन उतरला, दोघांकडे पाहून न बोलता पुढे गेला.

"आईचं काही बोलला?" नानांनी विचारलं.

"बोलले."

"काय बोलला?"

बुवांनी झऱ्यातून पाय बाहेर काढले आणि पंच्याच्या टोकाने ते पुसले. पाय सुजले होते.

"माझं नाव घेऊन बोलला?"

"तुमचंच नाव घेत व्हते. सारखं."

नाना पुढे सरकले. त्यांनी बुवांचा हात धरला, दादांनी धरला होता तोच. खरखरीत होता, आणि गार पडलेला होता.

"बुवा, दुसरं काही विचारत नाही. एवढंच सांगा..." त्यांनी तो हात दोन्ही हातांनी धरला. "दादाने मला माफ केलं?"

...

बुवांनी आपला हात हळूच सोडवून घेतला, काठीवर भार दिला आणि गुडघा सावरत उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते.

"जो आला," ते म्हणाले, "त्येला केलं."